खाज सुटणाऱ्या कुत्र्यासाठी शॅम्पू: आधी कातडी बघा, मग बाटली

"कुत्रा सारखा खाजवतोय, कुठला शॅम्पू आणू?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता मी उत्तराच्या आधी उलटा प्रश्न विचारते, खाजवतो कुठे? बहुतेकांना ते नीट सांगता येत नाही, आणि घोळ तिथेच होतो. खाज एकच दिसते पण कारणं पाच-सहा असतात, एका कारणाला चालणारा शॅम्पू दुसऱ्याला काहीच करत नाही, कधीकधी उलट वाढवतो. माझ्या कुत्रीच्या बाबतीत मी हेच केलं, कितीतरी महिने ओटमीलचे (ओट्सच्या पिठाचे) वेगवेगळे शॅम्पू वापरले, प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं आणि परत तोच वास, तेच पंजे चाटणं. शेवटी डॉक्टरांनी तिच्या बोटांच्या मधे पारदर्शक चिकटपट्टी लावून काढली आणि मायक्रोस्कोपखाली बघितली तर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, भरलेलं होतं. शॅम्पू वाईट नव्हते, त्यांचं कामच वेगळं होतं.

म्हणून खालच्या पायऱ्या आहे त्याच क्रमाने करा. बरेच जण पहिल्या दोन सोडून थेट लेबलवर येतात, तसं नका करू.

१. बाटलीच्या आधी कुत्रा बघा

चांगल्या उजेडात अर्धा तास काढा. कुत्रा शांत असताना, खेळून आल्यावर नाही. केस बोटांनी बाजूला करून कातडीपर्यंत बघायचं, वरवर फर बघून काही कळत नाही. या जागा एकही न सोडता: कानाच्या आत आणि कडा, डोळ्यांभोवती, ओठांच्या घड्या, मान, काखा, पोट, जांघा, शेपटीचं मूळ, शेपटीखाली, आणि चारही पंजे, बोटांच्या मधे वरून आणि खालून दोन्हीकडून.

जागा खूप काही सांगते. तोंड, कान, पंजे, काखा, पोट एवढ्या जागी खाज असेल आणि हे सगळं साधारण ६ महिने ते ३ वर्षं या वयात सुरू झालं असेल तर वातावरणातल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी, म्हणजे परागकण, धुळीतले माइट्स (अगदी बारीक किडे) वगैरे, हा संशय आधी येतो. खाण्याची अ‍ॅलर्जीही अशीच दिसू शकते, नुसतं बघून दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. कंबरेच्या मागे, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या मागच्या बाजूला जास्त असेल तर पिसवा. कानाच्या कडा आणि कोपर यांवर खपल्या आणि रात्रंदिवस खाज, घरातल्या माणसांनाही खाजणारं पुरळ, तर खरजेचे माइट्स.

पिसवा दिसल्या नाहीत म्हणजे नाहीत असं समजू नका, ज्या कुत्र्याला त्यांची अ‍ॅलर्जी असते तो चावून चाटून त्या काढून टाकतो आणि थोड्याशा चाव्यांनीही त्याला भरपूर खाज येते. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा, जो काळा भुसा निघेल तो ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती लालसर तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर लाल होत नाही.

आता कातडी कशी दिसते ते लिहून ठेवा, फोटो काढा, तारीख टाका. आणि ० ते १० मध्ये खाजेला मार्क द्या, ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे झोपेतून उठून खाजवतो, खाणं सोडून खाजवतो. हे आकडे पुढे फार उपयोगी पडतात कारण तीन आठवड्यांनी "थोडं बरं वाटतंय बहुतेक" असं म्हणण्याला काही अर्थ नसतो.

थांबा: उघडी जखम, पू, खूप वास येणारा दुखरा कान, एका दिवसात पसरलेला ओला लाल चट्टा, गोल गोल केस गेलेल्या जागा, ताप, सुस्ती, यातलं काही दिसलं तर शॅम्पू शोधत बसू नका, आधी डॉक्टर. गोल केस गेलेल्या जागा गजकर्णाच्या असू शकतात आणि ते माणसांनाही होतं. आणि दाखवायला जाताना आदल्या दिवशी आंघोळ घालू नका, धुतलेल्या कातडीवर तपासायला काही उरत नाही.

२. शॅम्पूचं काम ठरवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. शॅम्पूला एकच काम द्या आणि ते एका वाक्यात लिहा. "खाज थांबवायची" हे काम नाही, ती इच्छा आहे. कामं साधारण अशी असतात.

कोरडी, पातळ, पापुद्रे सुटणारी, लालसर कातडी, वास नाही, पुटकुळ्या नाहीत: इथे कातडी शांत करायची आणि तिचं कवच भरून काढायचं. कोलॉयडल ओटमील (अगदी बारीक दळलेले ओट्स), सिरामाइड आणि फायटोस्फिंगोसिन (कातडीच्या कवचातले स्निग्ध घटक), ग्लिसरीन असलेला सौम्य शॅम्पू बघा. प्रॅमॉक्सिन असेल तर तात्पुरती बधिरता येते आणि कुत्र्याला थोडी झोप मिळते. पण ओटमीलचा आराम दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका, त्याने अ‍ॅलर्जी जात नाही.

तेलकट, चिकट, आंबट कुबट वास, काखेत किंवा जांघेत कातडी जाड आणि काळपट, बोटांच्या मधले केस तपकिरी, कान सतत खराब: यीस्ट, म्हणजे मॅलासेझिया. इथे २ टक्के क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) आणि २ टक्के मायकोनाझोल (बुरशीनाशक) ही जोडी नेहमीची. नुसतं क्लोरहेक्सिडिन असेल तर यीस्टसाठी ३ ते ४ टक्के लागतं. तपकिरी केसांबद्दल एक, तो रंग लाळेमुळे येतो म्हणून चाटल्याचा पुरावा आहे, यीस्टचा पक्का पुरावा नाही, वास आणि चिकटपणा सोबत असेल तर संशय धरा.

लाल पुटकुळ्या, छोटे पिवळे फोड, आणि गोल रिंगण ज्याच्या कडेला पापुद्रा सुटलेला असतो: जिवाणूंचा संसर्ग. क्लोरहेक्सिडिन २ ते ४ टक्के. ते रिंगण बघून पुष्कळ लोक गजकर्ण समजतात आणि भलतंच मलम लावतात. कातडीच्या वरच्या थरातला संसर्ग असेल तर डॉक्टर कधीकधी गोळ्यांशिवाय नुसता शॅम्पू सांगतात, पण तो निर्णय त्यांना घेऊ द्या.

खूप तेल आणि जाड पिवळट कोंडा: सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि सल्फर, किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ ते ३ टक्के. हे शेवटचं तेल जबरदस्त काढतं म्हणून कोरड्या कातडीवर कधीच वापरू नका, नाहीतर खाज दुप्पट. शिवाय टॉवेल आणि कपड्यांचा रंग उडवतं, जुनं फडकं घ्या.

पिसवा किंवा खरूज: याचं उत्तर शॅम्पू नाही. पिसवांचा शॅम्पू अंगावर असलेल्या मारतो पण धुतल्यावर त्याचा असर उरत नाही, घरातल्या अंड्यांतून नवीन निघतात आणि परत चढतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा मानेवर लावायचं औषध हा मूळ उपचार, तोही घरातल्या सगळ्या प्राण्यांना.

एकाच कुत्र्यावर दोन कामं दिसतात असं पुष्कळदा होतं, अ‍ॅलर्जी मूळ आणि यीस्ट त्याच्यावर चढलेलं. मग आधी संसर्गाचा शॅम्पू, तो आटोक्यात आला की कातडी शांत करणारा. दोन्ही एकत्र मिसळायचे नाहीत.

तपासा: काम लिहिता येत नसेल, म्हणजे यीस्ट की जिवाणू की नुसती कोरडी कातडी हे ठरत नसेल, तर अंदाजाने बाटली आणण्यापेक्षा डॉक्टरांना चिकटपट्टीची किंवा काचपट्टीची तपासणी करायला सांगा. काही मिनिटांचं काम आहे, कुत्र्याला दुखत नाही.

३. लेबल उलट बाजूने वाचा

पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडून द्या. "हायपोअलर्जेनिक", "नॅचरल", "सेन्सिटिव्ह" हे शब्द कोणीही छापू शकतं, त्यातून तुमच्या कुत्र्याला अ‍ॅलर्जी होणार नाही अशी हमी मिळत नाही. बाटली फिरवा आणि घटकांची यादी बघा.

पहिलं, औषधी घटक आणि त्याचे टक्के. औषधी शॅम्पूवर टक्के लिहिलेले नसतील तर ठेवून द्या. नुसतं "क्लोरहेक्सिडिनयुक्त" लिहिलंय आणि आकडा नाही, तर तुम्हाला काय मिळतंय हे कळायला मार्ग नाही.

दुसरं, काय नको. सुगंध नको, हे मी सगळ्यात वर ठेवते. माणसाला छान वाटणारा वास खाजणाऱ्या कातडीला काहीच देत नाही आणि कित्येकदा त्यानेच चुरचुर होते, वर यीस्टचा वास झाकला जातो आणि तुम्हाला वाटतं बरं झालं. रंग नको. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्वेटिव्ह माणसांत अ‍ॅलर्जीसाठी बदनाम आहे, संवेदनशील कातडीच्या कुत्र्यासाठी मी तेही टाळते. टी ट्री ऑइल तर अजिबात नको, कुत्र्यांसाठी विषारी आहे आणि कातडीतून आणि चाटण्यातून दोन्हीकडून शरीरात जातं. नैसर्गिक तेल आहे म्हणून चालेल, हा गैरसमज फार महागात पडतो.

तिसरं, माणसांचा शॅम्पू, लहान बाळांचा सुद्धा, नको. माणसाच्या कातडीचा पीएच (आम्लपणाचं माप) ५.५ च्या आसपास असतो, कुत्र्याचा त्यापेक्षा बराच वर, सातच्या जवळपास, आणि कुत्र्याची वरची कातडी पेशींच्या ३ ते ५ थरांची असते, आपली १० ते १५. डोक्यातल्या कोंड्याचा माणसांचा औषधी शॅम्पू स्वतःच्या मनाने वापरणं त्याहून धोक्याचं. व्हिनेगर, लिंबाचा रस, बेकिंग सोडा याचंही तेच, ओरखडे पडलेल्या कातडीवर लिंबू पिळल्यावर काय होईल ते स्वतःच्या हातावर कल्पना करून बघा.

थांबा: घरात मांजर असेल तर कोल टार (कोळशापासूनचं औषधी डांबर) आणि परमेथ्रिन (कीटकनाशक) असलेलं काहीही घरात आणू नका. परमेथ्रिन मांजरांसाठी जीवघेणं आहे, आणि आंघोळ झालेल्या कुत्र्याला अंग घासणं किंवा चाटणं मांजर सोडत नाही.

४. थोड्या जागी लावून बघा

मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे केस कमी आहेत आणि कातडी शाबूत आहे तिथे, नाण्याएवढ्या जागेवर थोडा शॅम्पू पाण्यासोबत लावा, ५ ते १० मिनिटं ठेवा, धुवा. पुढचे २४ ते ४८ तास बघा. लाली, फोड, त्याच जागी चाटणं वाढलं तर ती बाटली बाद. चाटू देऊ नका, नाहीतर लाली शॅम्पूची की जिभेची हे कळणार नाही.

५. आंघोळीच्या आधीची तयारी

आंघोळ चुकते ती पाणी अंगावर पडायच्या आधीच. हे आधी करा:

- मानेवरचं पिसवांचं औषध लावलं असेल किंवा लावायचं असेल तर आधी आणि नंतर साधारण ४८ तासांचं अंतर ठेवा, त्या औषधाच्या पाकिटावर जास्त लिहिलं असेल तर तेवढं. गोळी दिली असेल तर प्रश्न नाही.
- केस विंचरा, गुंते सोडवा किंवा कापा. गुंत्याखाली शॅम्पू पोचत नाही आणि निघतही नाही. पण खाजलेल्या कातडीवर जोरात ब्रश नको, उलट्या दिशेने तर नकोच.
- लांब, दाट केस असतील आणि संसर्ग जुनाट असेल तर केस बारीक करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. औषध कातडीला लागायला हवं, केसांना नाही.
- पाणी कोमट ते गार. गरम पाण्याने खाज हमखास वाढते, हे माझ्या डोळ्यांसमोर कितीदा झालंय.
- टाइमर, जुने टॉवेल, पायाखाली घसरणार नाही असं काहीतरी, हातमोजे, आणि शॅम्पू मोजून काढलेला. आंघोळ अर्धी सोडून काही आणायला जायची वेळ येऊ देऊ नका.

पाण्यात मिसळून वापरायचा शॅम्पू असेल तर त्या वेळेपुरताच मिसळा आणि उरलेला फेकून द्या. हे मी मुद्दाम ठळक सांगते. पाण्यात मिसळून ठेवलेल्या शॅम्पूत स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात, तोच शॅम्पू पुढच्या वेळी चोळून लावला की केसांच्या मुळांत शिरतात, आणि आंघोळीनंतर एक-दोन दिवसांत कुत्र्याची पाठ भयंकर दुखायला लागते, फोड येतात, ताप चढतो. पाठीला हात लावू देत नाही म्हणून लोकांना मणक्याचं दुखणं वाटतं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि "परवा आंघोळ घातली होती" हे आवर्जून सांगा.

६. आंघोळ, क्रमाने

१) पूर्ण भिजवा, आतल्या दाट केसांपर्यंत. दाट फर असेल तर यालाच पाच मिनिटं जातात. वरून ओला दिसतो आणि आत कोरडा असतो, बोट घालून बघा.

२) कुत्रा मळलेला किंवा तेलकट असेल तर आधी साधा सौम्य शॅम्पू, आणि तो पूर्ण धुऊन काढा. पूर्ण म्हणजे पूर्ण. साबणासारखे फेस करणारे घटक राहिले तर क्लोरहेक्सिडिन निकामी होतं, मग पुढची सगळी मेहनत वाया.

३) औषधी शॅम्पू जिथे त्रास जास्त आहे तिथून सुरू करा, पंजे, काखा, पोट, जांघा. पाठ शेवटी. लोक सवयीने पाठीवर ओततात, पाठीला बिचारीला काही झालेलं नसतं, आणि पंज्यांना मिळतात शेवटचे दोन मिनिटं. केसांच्या दिशेने, बोटांच्या पेरांनी, हळू. नखं लावू नका, कुत्रा कितीही अंग पुढे करू दे.

४) पूर्ण अंगाला लागला की टाइमर लावा. १० मिनिटं, किंवा बाटलीवर जेवढी लिहिलीत तेवढी. मोजणी सुरुवातीपासून नाही, शेवटची जागा माखल्यापासून. मी पहिले कितीतरी दिवस पहिल्या फेसापासून मोजत होते, म्हणजे शेवटी लावलेल्या पंज्यांना तीनच मिनिटं मिळत होती आणि पंजेच बरे होत नव्हते, हे लक्षात यायला मला वेळ लागला. या दहा मिनिटांत त्याला चाटू देऊ नका, थंडी वाजू देऊ नका, हळू मसाज करत राहा, गप्पा मारा.

५) डोळे आणि कानाची भोकं लांब ठेवा. क्लोरहेक्सिडिन डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होऊ शकते, आणि पडदा फाटलेल्या कानात गेलं तर ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. तोंडासाठी ओलं फडकं वापरा, शॅम्पू ओतू नका. चुकून डोळ्यात गेलंच तर लगेच भरपूर स्वच्छ पाणी आणि डॉक्टरांना फोन.

६) धुवा. पाणी स्वच्छ आलं, फेस संपला, बोटांना निसरडं लागत नाही, तरी अजून दोन-तीन मिनिटं धुवा. काखा, जांघा, बोटांच्या मधे परत एकदा. राहिलेला शॅम्पू हे आंघोळीनंतर खाज वाढण्याचं एक मोठं कारण आहे आणि लोक दोष बाटलीला देतात.

७) टॉवेल दाबून पाणी टिपा, घासू नका. ड्रायर वापरायचा तर गार हवेवर. आतले केस ओले राहिले तर तिथे ओले चट्टे उठतात, घड्या असलेल्या जातींमध्ये घड्यांच्या आत विशेष बघा.

८) कातडी कोरडी पडत असेल तर धुऊन न काढायचा कंडिशनर किंवा सिरामाइडचा स्प्रे, सुगंध नसलेला. औषधी शॅम्पूनंतर मी हा टप्पा सोडत नाही.

तपासा: दुसऱ्या दिवशी खाजेचा आकडा लिहा. आंघोळीनंतर काही तासांत आकडा चढला तर आधी पाण्याचं तापमान आणि धुण्याची वेळ आठवा, बाटली बदलायचा विचार त्यानंतर.

७. किती वेळा, आणि कधी बदलायचा

संसर्ग असेल तर सुरुवातीला आठवड्यातून दोन ते तीन वेळा सांगतात, आटोक्यात आला की आठवड्यातून एकदा. नुसती अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला सौम्य शॅम्पूने आठवड्यातून एकदा चालतं, "महिन्यातून एकदाच आंघोळ" हा नियम निरोगी कुत्र्यासाठी असेल, अ‍ॅलर्जीवाल्यासाठी नाही. अंगावर बसलेले परागकण आणि धूळ धुऊन जाणं हाच अर्धा फायदा आहे.

कुत्र्याची वरची कातडी नवीन व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून एका आंघोळीत निकाल लावू नका. तीन-चार आठवडे एकच शॅम्पू, तोच क्रम, आणि त्या काळात खाणं, औषधं, बिछान्याचा साबण काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. आकडा ८ वरून ५ वर आला तर चालू ठेवा. ८ चा ८ च राहिला तर शॅम्पू चुकीचा नसून काम चुकीचं ठरलं असण्याची शक्यता जास्त, परत पायरी १ वर या. लाली वाढली, फोड आले, तर वाट बघू नका, त्याच दिवशी बंद.

चार आठवड्यांत कातडी स्वच्छ झाली, वास गेला, पण खाज तशीच, असंही होतं. म्हणजे शॅम्पूने त्याचं काम केलंय आणि खालची अ‍ॅलर्जी उरलीय. ती बाटलीतून जाणार नाही, डॉक्टरांशी खाजेच्या औषधांबद्दल बोला, आणि खाण्याचा संशय असेल तर किमान ८ आठवड्यांच्या काटेकोर आहार-चाचणीबद्दल. या चाचणीत एखादं चघळायचं खाऊ, चव लावलेली गोळी सुद्धा चालत नाही, हे आधीच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दोन आंघोळींच्या मधे पंजे सांभाळा. बाहेरून आल्यावर साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या मधे कोरडे करा, कोरडे करणं धुण्याइतकंच महत्त्वाचं आहे. रोज पूर्ण आंघोळ शक्य नसेल तर क्लोरहेक्सिडिनचे वाइप्स किंवा फेस मिळतो, तो धुवावा लागत नाही, फक्त वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही, त्यासाठी मी लावल्या लावल्या तिला फिरायला नेते.